आमच्याकडे कुत्रा नाही

देशात पाळीव कुत्री किती आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नाही ना? मलाही नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. वेळेवर भूक लागत होती, पडल्या पडल्या झोप लागत होती. पण आकडेवारी खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाने मीटिंगमध्ये तोंड उघडू नये, हे साधं पथ्य त्या दिवशी माझ्याकडून पाळलं गेलं नाही.

साहेब म्हणाले, "कुत्र्यांचा अंदाज वर पाठवायचाय. दर दहा घरांमागे एक कुत्रा धरा आणि गुणून टाका."

"कशावरून धरायचा, साहेब?" मी विचारलं.

"कशावरून म्हणजे? धरायचा म्हणजे धरायचा."

"कुत्रा असा धरता येत नाही, साहेब. चावतो."

सगळे हसले. चहाचे कप गोळा करणारा शिपाईसुद्धा हसला. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मग तुम्ही मोजून आणा. तुमची कॉलनी नमुन्यात आहेच. कुत्री किती, कोणत्या जातीची, नर का मादी, सगळं पाहिजे."

नमुना म्हणजे काय, ते सांगतो. देशातल्या मोजक्या वस्त्या मोजायच्या आणि त्यावरून अख्खा देश काढायचा. म्हणजे आमच्या जिन्यात एक कुत्रं वाढलं की तिकडे देशात हजारोंनी वाढतात. दुसऱ्या दिवसापासून मला जिना चढतानासुद्धा जबाबदारी जाणवायला लागली. बायको म्हणाली, ती जबाबदारी नाही, गुडघे आहेत.

हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता. कुत्री किती यावर लशी किती मागवायच्या ते ठरणार होतं, आणि जिथे कुत्री कमी भरतील तिथला जनावरांचा दवाखाना उचलून दुसरीकडे नेणार होते. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर असा एक दवाखाना आहे. एक खोली, एक लोखंडी टेबल आणि एक डॉक्टरीणबाई. उचलायच्या यादीत त्याचं नाव अगदी वर होतं.

ही बातमी मी घरी सांगितली आणि घरातून ती तळमजल्यावरच्या आजोबांकडे गेली. आजोबा एकटे राहतात. एकटे म्हणजे ते आणि भाऊ. भाऊ हा त्यांचा कुत्रा, वयाने जवळजवळ आजोबांच्याच बरोबरीचा म्हणायला हवा. भाऊला साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ सुई टोचावी लागते. आजोबांचा हात थरथरतो, दिसतंही कमी. म्हणून दोन्ही वेळा दोघं हळूहळू चालत कोपऱ्यावर जातात आणि डॉक्टरीणबाई सुई देतात. दुसरा दवाखाना आहे तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर भाऊ चालू शकत नाही आणि बसमध्ये त्याला घेत नाहीत.

आजोबांनी मला जिन्यात गाठलं. "दवाखाना राहू दे रे बाबा," एवढंच म्हणाले. मग ते भाऊच्या पाठीवरून हात फिरवत आत गेले.

बायको म्हणाली, "त्यात काय एवढं? लिहा की भरपूर कुत्री. कोण बघायला येतंय?"

"खोटा आकडा माझ्या हातून जाणार नाही," मी ताठ बसून म्हणालो. "कॉलनीत कुत्री ढिगाने आहेत. ती नुसती मोजायचीत."

नुसती! आता तो शब्द आठवला की मला माझीच कीव येते.

पहिल्या फेरीला मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला ओळखपत्र लावलं. कागदावर कार्यालयाने प्रश्न दिला होता : 'आपल्या निवासस्थानी पाळीव श्वान आहे काय?' पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दार उघडलं. मी प्रश्न जसाच्या तसा वाचला.

"शान?" वहिनी म्हणाल्या. "आहे की! आत्ताच पडदे बदललेत. या ना, बघा."

मी पडदे पाहिले. चांगले होते. मग घसा साफ करून विचारलं, "तसं नाही वहिनी. कुत्रा आहे का तुमच्याकडे, कुत्रा?"

वहिनींचा चेहरा पडला. त्यांच्या पायामागून एक केसाळ तोंड बाहेर आलं आणि माझ्यावर भुंकलं.

"आमच्याकडे कुत्रा नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग हे काय आहे?"

"हा बबडू आहे. त्याच्यासमोर असलं काही बोलू नका हो. त्याला सगळं कळतं."

खरंच कळत असावं, कारण बबडूने तोंड फिरवलं आणि तो आत निघून गेला. पाठोपाठ वहिनी गेल्या. दार लागलं.

सगळीकडे हीच तऱ्हा! कुत्रा हा शब्द उच्चारला की माणसं अशी बघायची, जसं काही मी त्यांच्या मुलीला नकटी म्हणालो. कुणाकडे सोन्या होता, कुणाकडे राजकन्या होती, एका घरी तर 'आमचे धाकटे' होते. कुत्रा कुणाकडेच नव्हता. आमच्याच जिन्यातल्या सल्लागारांच्या दारामागून दोन वेगवेगळ्या पट्टीतलं भुंकणं ऐकू येत होतं, तरी ते मला शांतपणे म्हणाले, "टीव्ही चालू आहे." यांना सल्लागार मी म्हणतो, कारण ते न विचारता सल्ला देतात आणि विचारला तरी देतात.

फक्त आजोबांनी सरळ उत्तर दिलं. "आहे. कुत्रा म्हण, काही म्हण, भाऊ रागावत नाही."

कॉलनीतली एकूण कुत्री : एक. साहेबांनी तो आकडा गुणला. त्या हिशेबाने देशात कुत्र्यांपेक्षा पोस्टमन जास्त भरत होते. साहेब मात्र खूश झाले. "बघा, मी तर दहाला एक म्हणत होतो. तुमच्याकडे तेवढीही नाहीत. दवाखाना हलवायला हरकत नाही."

"हरकत आहे!" मी म्हणालो. माझा आवाज एवढा चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. "आकडा चुकलाय, साहेब. मी परत मोजतो."

"चुकलाय कोण?"

"मी," असं म्हणताना जिवावर आलं, पण म्हणालो.

त्या संध्याकाळी सल्लागार जिन्यातच भेटले. "तुमचं चुकतं कुठे सांगू?" त्यांनी सुरुवात केली. "तुम्ही सरकारी भाषेत बोलता. कुत्रा कशाला म्हणायचं? लोक कसे प्रेमाने बोलतात, तसं बोला. विचारा, तुमच्याकडे पिल्लू आहे का? बघा कशी घडाघडा उत्तरं येतात."

सल्ला मला पटला. सल्लागारांचा सल्ला पटला की सावध व्हावं, हे बायको लग्नापासून सांगत आलीये. पण मी इरेला पेटलो होतो.

आणि खरंच, उत्तरं घडाघडा आली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर मला बसवून घेतलं. "आहे ना पिल्लू! आमचं पिल्लू दीड वर्षाचं. काय सांगू तुम्हाला, नुसता धुमाकूळ. दात आलेत ना, दिसेल ते चावतंय. परवा ह्यांची चप्पल चावली."

"रंग?" मी लिहीत विचारलं.

"गोरंपान. केस कुरळे. आईवर गेलंय."

"आणि वडील?"

"वडील आहेत की, पण घरी कुठे असतात! फिरतीवर."

"वडिलांची जात वगैरे काही...?"

"जातीचे हुशार आहेत हो," आजी म्हणाल्या.

मी लिहिलं : नर, वय दीड वर्ष, गोरा, कुरळ्या केसांचा, चावतो, वडील भटके. कागद कसा भरून आला होता. उरलेल्या घरांतही जातीचा रकाना ओसंडून वाहत होता. कॉलनीतल्या प्रत्येक पिल्लाची आई मोठ्या घराण्यातली होती आणि वडिलांचा विषय निघाला की चहा विचारला जात होता. एका गृहस्थांनी तेवढं प्रामाणिकपणे सांगितलं, "अर्धा जर्मन आहे, अर्धा सोसायटीचा."

साहेबांनी दुसरा आकडा गुणला, तेव्हा देशात घरटी दीड कुत्रं आलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे नुसतं पाहत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तरी हे मी सहन केलं असतं. पण झालं काय, की डॉक्टरीणबाईंना लशींसाठी पत्ते हवे होते, आणि मी मोठ्या आनंदाने त्यांना माझ्या कागदाची नक्कल दिली होती. दोन दिवसांनी माझ्या दाराची बेल कुणीतरी दाबून धरली. बाहेर आजी उभ्या होत्या, कडेवर नातू, हातात मोबाइल.

"वाचा," आजी म्हणाल्या.

मी वाचलं. 'आपल्या पिल्लूला रेबीजची लस देण्याची वेळ झाली आहे. चावण्याची सवय असल्याने येताना तोंडाला जाळी बांधून आणावे.'

नातवाने माझ्याकडे पाहिलं आणि छान हसला. गोरापान होता. केस कुरळे होते.

पुढची दहा मिनिटं आजी जे बोलल्या ते मी मान खाली घालून ऐकलं. माझं शिक्षण काढलं, खातं काढलं, खात्याला नोकरीवर ठेवणारं सरकार काढलं. बायको मध्ये पडायच्या ऐवजी आतून पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो तिने आजींना दिला. पाणी पिऊन आजींना नवा जोर आला. "माझ्या नातवाला कुत्रा लिहिता! आणि त्या सल्लागाराकडे दोन-दोन आहेत, ते दिसत नाहीत? एक काळं, एक तपकिरी. तपकिरी कुत्री गाभण आहे. पहिल्या मजल्यावर ते केसाळ, मागच्या ब्लॉकमध्ये तीन, त्यातलं एक लंगडं!"

माझी मान झटकन वर आली.

"आजी," मी म्हणालो, "परत सांगा. सावकाश."

तर अशी मला युक्ती सापडली! स्वतःच्या घरी कुत्रा आहे हे कॉलनीत कुणी मरेपर्यंत कबूल करणार नव्हतं. पण शेजाऱ्याकडे कुत्रा आहे का, एवढं विचारायची खोटी! रंग, उंची, जात, भुंकायच्या वेळा, कुठल्या गाडीच्या चाकावर पाय वर करतो, सगळं तोंडपाठ. आणि शब्दही चोख, कुत्रा म्हणजे कुत्रा. प्रत्येक कुत्र्याची खबर दोन बाजूंच्या दोन शेजाऱ्यांकडून मिळायची, त्यामुळे आकडा आपोआप तपासला जात होता. एका ठिकाणी तेवढी गफलत झाली. बबडूच्या वहिनी शेजारच्या घराबद्दल म्हणाल्या, "तिथे दोन कुत्रे आहेत," आणि दुसरीकडून एकच येत होता. परत जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, "एक चार पायांचा आणि एक तिचा नवरा." नवऱ्याला वगळलं.

आता आकडा पक्का होता. मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही कागद पाहिले आणि त्यांना तिन्ही सारखेच खोटे वाटले. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटले असते. ते म्हणाले, "शुक्रवारी मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई येतील. त्यांनी स्वतः कुत्री पाहिली तर आकडा धरू. नाहीतर दवाखाना हलला, आणि तुम्ही पण. तुमच्यासाठी जुन्या कागदांच्या खोलीत जागा आहे."

इकडे कॉलनीत बॉम्ब फुटला होता. कुणी कुणाच्या कुत्र्याबद्दल काय सांगितलं, हे आता सगळ्यांना कळलं होतं. कोणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि माझ्याशी तर कुणीच नाही. त्यात सल्लागारांनी आवई उठवली की शुक्रवारी बाई एकट्या येत नाहीत, मागून गाडी येणार आहे आणि सापडेल ते कुत्रं उचलून नेणार आहे. मी घरोघर जाऊन सांगितलं, अहो असं काही नाही, उलट दवाखाना वाचवायचाय. पण ज्याने बाळाला जाळी बांधायला सांगितली, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. उंच, सडपातळ, पायांत कॅनव्हासचे बूट. "पाहिल्याशिवाय मी सही करत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं नव्हतंच.

पहिल्या मजल्याचं दार वाजवलं. वहिनी आल्या. "आमच्याकडे कुत्रा नाही." यावेळी बबडूचं नाक नाही, शेपूट नाही. सल्लागारांनी साखळीआडून सांगितलं, "टीव्हीसुद्धा बंद आहे." मागचा ब्लॉक झाला, वरचा मजला झाला. दारं, दारं आणि दारं. कुत्र्यांनाही काय पढवलं होतं कोण जाणे, एक भुंकेल तर शपथ! बाईंच्या कागदावर प्रत्येक घरापुढे फुली पडत होती.

परत आमच्या जिन्यात आलो, तर खाली आजोबा दार उघडून उभे होते. आत सतरंजीवर भाऊ पडला होता. "एक," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुमचा पहिला आकडा बरोबर होता. तोच पाठवते."

आजोबा माझ्याकडे पाहत होते. जुन्या कागदांच्या खोलीचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. पण उद्या सकाळी या माणसाने थरथरत्या हाताने सुई कशी टोचायची? "बाई, पाच मिनिटं," मी म्हणालो. "फक्त पाच." पाच मिनिटांत काय करणार होतो, ते मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला. आजी नातवाला बाहेर काढत होत्या. तो रडत होता आणि त्याला समजावत त्या म्हणाल्या, "रडू नाही, रडू नाही. चल, आपण भूर जायचं!"

पहिल्या मजल्यावर, बंद दाराआड, काहीतरी खरवडलं.

मी कान टवकारले. सल्लागारांच्या दारामागे कुणीतरी कण्हलं. वर कुठेतरी नखं फरशीवर टकटकली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकरं म्हणून वाढवलेली ही जनावरं! त्यांना कुत्रा शब्द ठाऊक नव्हता, पण हा ठाऊक होता. मी जिन्याच्या मधोमध उभा राहिलो, मान वर केली, आणि आयुष्यात ऑफिसात कधी वर न काढलेला आवाज पोटातून वर काढला.

"भूऽऽर जायचं का? भूऽऽऽर?"

आणि मग जे झालं ते झालं! अख्खा जिना भुंकायला लागला. दारांवर धडका बसायला लागल्या. वहिनी आतून "बबडू, नको रे, बबडू!" म्हणत होत्या, आणि पुढच्या क्षणी बबडू त्यांना ओढत बाहेर आला. सल्लागारांची साखळी तटकन तुटली. काळं पुढे, तपकिरी पोट सांभाळत मागे, आणि त्यांच्या मागे सल्लागार, एका पायात चप्पल. अर्धा जर्मन आला, राजकन्या आली, धाकटे आले. मी मागच्या ब्लॉकमध्ये पळत गेलो आणि तिथेही तसंच ओरडलो. तिथली तिन्ही आली, लंगडं सगळ्यांत पुढे. बाईंनी टोपण काढलं होतं आणि त्या भिंतीला टेकून भराभर लिहीत होत्या. नातू टाळ्या वाजवत मध्ये घुसला. "हा नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि आजींनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं.

"तिसरा आकडा बरोबर आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "एकसुद्धा कमी-जास्त नाही. दवाखान्याचं मात्र मला जागा बघून ठरवावं लागेल."

मला वाटलं, आता आपण सुटलो. पण सगळी कुत्री माझ्याभोवती गोल बसली होती आणि जिभा काढून माझ्याकडे बघत होती.

"बघता काय?" आजी म्हणाल्या. "भूर म्हणालात ना? मग न्या. लेकरांना असं फसवतात का?"

बरोबर होतं त्यांचं. शब्द दिला होता. मी निघालो. ऑफिसची पँट, खिशाला ओळखपत्र, आणि मागेपुढे सगळी कॉलनी. काल एकमेकांशी न बोलणारी माणसं पट्ट्यांचा गुंता सोडवताना नाइलाजाने बोलायला लागली होती. बाई बुटांचे आवाज करत शेवटी येत होत्या. कोपरा आला, दवाखान्याच्या औषधांचा वास आला, आणि सगळी वरात जागच्या जागी थांबली. बबडूने बसकण मारली. अर्ध्या जर्मनने पाय रोवले. सल्लागारांची दोघं सल्लागारांच्या मागे लपली. ओढा, ढकला, लाडीगोडी लावा, एक जण पुढे पाऊल टाकेना.

तेव्हा मागून भाऊ आला. माझ्या लक्षातच नव्हतं, तोही उठून निघाला होता. मागचे पाय ओढत, कुणाकडेही न बघता, तो सगळ्यांच्या मधून चालत गेला. पायरीवर जरा थांबला, दम खाल्ला. मग नाकाने दार ढकललं आणि आत गेला. पट्टा हातात धरून आजोबा त्याच्या मागे गेले.

"हा रोज येतो?" बाईंनी विचारलं.

"दोन वेळा," मी म्हणालो. "सुईसाठी."

बाई दाराशी जाऊन थोडा वेळ आत पाहत राहिल्या. मग त्यांना कागद ठेवायला जागा सापडेना. "जरा वाका," त्या मला म्हणाल्या. मी वाकलो. माझ्या पाठीवर कागद ठेवून त्या एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहू लागल्या. "हा... दवाखाना... येथून... हलवू नये." सगळी कॉलनी बघत होती. बबडूने संधी साधून माझं तोंड चाटलं.

आतून आजोबांचा आवाज आला. "हलायचं नाही हां, भाऊ. झालं, झालं. शहाणा माझा."

बाईंची सही झाली, पेनाला टोपण लागलं, कागद पाठीवरून उचलला गेला. तरी मी वाकलेलाच राहिलो. डोळे भरून आले होते, आणि ते एवढ्या सगळ्या कॉलनीला दाखवायची माझी अजिबात तयारी नव्हती.